बापाच्या करारावर जन्मगाव ठरतं, मग पोरानं कुठल्या देशाकडून खेळायचं?

कृष्णाकाठ (सांगली)

एर्लिंग हालांड नॉर्वेकडून खेळतो, पण त्याचा जन्म इंग्लंडमधल्या लीड्सचा, सन २०००. का, तर वडील आल्फ-इंगे लीड्स युनायटेडकडून खेळायला तिथं राहायला आले होते. अमेरिकेचा जिओ रेना २००२ साली इंग्लंडमधल्याच संडरलँडला जन्मला, कारण वडील क्लॉडिओ रेना त्या क्लबात होते. रुमानियाच्या हाजींचा मुलगा यानिस इस्तंबूलमध्ये जन्मला, कारण वडील तिथल्या गालातासराय क्लबात होते. आइसलँडच्या एदुर गुडयॉनसनच्या घरीही तेच. तो चेल्सीत असताना त्याचा एक मुलगा लंडनमध्ये झाला.

म्हणजे क्लबानं सही कुठं घेतली यावर पोराचं जन्मगाव ठरलं. सहा महिने आधी बदली झाली असती तर दाखल्यावर दुसरंच गाव लागलं असतं. अशा पोराला मोठेपणी दोन-दोन, तीन-तीन देश बोलावतात. मग त्यानं कुणाचं ऐकायचं?

माझं मत सांगतो. जन्मगावाला काडीचंही वजन देऊ नये. पोरगं ज्या मैदानावर खेळायला शिकलं, ज्या भाषेत त्याला शिव्या आणि शाबासकी मिळाली, तो त्याचा संघ. थियागो अल्कांटारा बघा. वडील मझिन्हो १९९४ चा विश्वचषक जिंकलेल्या ब्राझील संघातले. ते लेच्चेकडून खेळत असताना थियागोचा जन्म इटलीत झाला. पण तो घडला बार्सिलोनाच्या अकादमीत आणि खेळला स्पेनकडून. मला ते शंभर टक्के योग्य वाटतं. त्याचा सख्खा भाऊ राफिन्या मात्र ब्राझीलकडून खेळला. एका घरात दोन देश!

तुम्हाला काय वाटतं? फुटबॉल बघणारे आपल्याकडं कमी नाहीत, मनापासून लिहा.

अजिंक्यतारा

चांगला विषय काढलात. मत द्यायच्या आधी नियम मांडतो, नाहीतर अर्धा धागा अंदाजावरच चालेल.

फिफाची, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेची, पहिली अट नागरिकत्वाची. त्या देशाचं नागरिकत्व नसेल तर पुढचं बोलणंच नाही. आणि नुसत्या जन्मानं नागरिकत्व सगळीकडं मिळत नाही. अमेरिकेत मिळतं, इटलीत मिळत नाही. त्यामुळं इटलीत जन्मलेल्या फुटबॉलपटूच्या पोराला इटलीकडून खेळता येईलच असं नाही.

नागरिकत्व नंतर घेतलं असेल तर त्या देशाशी खरा धागा दाखवावा लागतो. स्वतःचा जन्म तिथला, किंवा आई-वडिलांपैकी कुणाचा, किंवा आजी-आजोबांपैकी कुणाचा. यातलं काहीच नसेल तर ठरावीक वर्षं तिथं राहिलेलं असावं लागतं. वयाच्या दहा वर्षांच्या आत तिथं गेला असेल तर तीन वर्षं, त्यानंतर गेला तर पाच. आणि दहा ते अठरा या वयात गेलेल्यानं त्या देशाच्या संघात शिरायला देश बदलला नव्हता हेही पटवून द्यावं लागतं.

ही कडक नियमावली आली २००४ नंतर. कतारनं ब्राझीलच्या खेळाडूंना पैसे देऊन संघात घ्यायचा घाट घातला होता, तेव्हा फिफानं दार ओढून घेतलं. कतारशी त्या खेळाडूंचा ना जन्माचा संबंध होता, ना आजीचा.

म्हणजे कृष्णाकाठ, तुमचं ‘जिथं शिकला तो देश’ हे नियमात आहे, पण सगळ्यात शेवटच्या बाकावर. पहिल्या बाकावर रक्त आणि जन्म.

मिरजेची_मंजू

थुराम बंधू राहिले की! मार्कूस पार्मात जन्मला, केफ्रेन रेज्जो एमिलियात, दोघंही इटलीत. वडील लिलियान तेव्हा पार्माकडून खेळत होते. आणि दोघंही फ्रान्सकडून खेळतात.

विटेकर_गलाईवाले

हा प्रश्न आमच्या खानापूर-आटपाडीकडच्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. आमच्या भागातले लोक पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला देशभर गेलेले. कुणी त्रिशूर, कुणी कोइम्बतूर, कुणी कोलकाता. माझं शिक्षण केरळात झालं. घरात मराठी, गल्लीत मल्याळम. गावाला यायचं ते जत्रेला, लग्नाला आणि मे महिन्याच्या सुट्टीत.

केरळात फुटबॉल काय आहे हे तिथं राहिल्याशिवाय कळत नाही. मलप्पुरम भागात रात्रीच्या दिव्यात सेव्हन्सचे सामने चालतात, सात-सात जणांचे, आणि माणूस नुसता लोटतो. माझा धाकटा भाऊ तिथल्याच शाळेकडून खेळला, जिल्ह्याला निवडला गेला. शालेय स्पर्धेत ज्या शाळेत शिकतो तिथूनच खेळायचं असतं, त्यामुळं तेव्हा प्रश्न आला नाही. प्रश्न आला घरात. आजोबा म्हणाले, ‘पोरगं विट्याचं, आणि छातीवर केरळ?’ वडिलांनी उत्तर दिलं ते अजून आठवतं. ‘अण्णा, ह्याला बॉल मारायला विट्यानं शिकवलं न्हाई.’

आजोबा त्यावर काही बोलले नाहीत, पण भावाचा सामना बघायला शेवटपर्यंत आले नाहीत. त्यांचंही दुःख खरं होतं. गावापासून लांब राहून त्यांनी तीन पोरींची लग्नं गावाकडं लावून दिली, घर बांधलं ते गावात. त्यांच्या लेखी आम्ही तिकडं फक्त कमवायला गेलो होतो. पोरगं मात्र तिथंच मोठं झालं.

म्हणून माझं मत कृष्णाकाठ यांच्या बाजूनं. पण आजोबांचा राग खोटा ठरवू नका एवढंच.

कऱ्हाडचा_गडी

मला न्हाई पटत. लीड्समधी जन्मला, संडरलँडमधी जन्मला, ते सोडा. पण बापानं ज्या देशासाठी घाम गाळला तो देश पोरानं सोडायचा?

अबेदी पेले बघा. घानाचा एवढा मोठा खेळाडू, पण विश्वचषक त्याच्या नशिबात न्हवता. घाना पहिल्यांदा पोचला २००६ ला, तवर हा निवृत्त. त्याची पोरं आंद्रे आणि जॉर्डन आयेव, दोघंबी फ्रान्समधी जन्मलेली. फ्रान्सनं घेतलं असतं का नसतं देव जाणे, पण पोरं घानाकडून खेळली आणि विश्वचषकात खेळली. बापाचं राहिलेलं पोरांनी केलं. ह्याला म्हणायचं घराणं!

ऑबामेयांग पण तसाच. जन्म फ्रान्समधल्या लावालचा, बाप गॅबॉनचा कर्णधार. फ्रान्सच्या २१ वर्षांखालच्या संघाकडून एक सामना खेळला आणि मग गॅबॉनला गेला. किती लहान देश, पण त्यो तिथला राजा झाला.

शरयू_सातारा

गडीदादा, मग टिमोथी विआचं काय करायचं? त्याचे वडील जॉर्ज विआ, १९९५ चा बॅलन डी’ओर (फुटबॉलपटूंचा सगळ्यात मानाचा पुरस्कार) मिळवणारे, पुढे लायबेरियाचे राष्ट्राध्यक्ष. त्यांनाही विश्वचषक कधी खेळायला मिळाला नाही. मुलगा न्यूयॉर्कला जन्मला, अमेरिकेकडून खेळला आणि २०२२ च्या विश्वचषकात वेल्सविरुद्ध गोल केला. त्यानं बापाचं राहिलेलं केलं की बापाचा देश सोडला? माझ्या मते पहिलं.

आणि आतापर्यंतच्या प्रतिसादांत सगळा हिशोब बापाचा चालला आहे, हे मला खटकतं. फिफाच्या नियमात आई आणि आजी यांना वडील-आजोबांइतकंच वजन आहे. टिमोथीची आई जमैकाची, म्हणजे जमैकाचंही दार उघडं होतं. जिओ रेनाची आई डॅनिएल स्वतः अमेरिकेच्या महिला संघाकडून खेळलेली. हालांडची आई नॉर्वेत हेप्टॅथलॉन (सात मैदानी प्रकारांची स्पर्धा) खेळायची. रेना आणि हालांडच्या घरात आई-बाप दोघंही खेळाडू आहेत आणि आपण एकाचंच नाव घेतो.

मी सातारच्या एका शाळेत मुलींना फुटबॉल शिकवते. त्यांच्या वडिलांना सामन्याला बोलावलं की ते विचारतात, ‘पोरगी पुढं कुठल्या संघातून खेळणार?’ आया विचारतात, ‘मॅडम, मैदानावर पाण्याची सोय आहे का?’ मुलीला मैदानावर रोज पाठवणारी कोण असते हे मला माहीत आहे. आईचा देश कुठला, हा प्रश्न बापाच्या देशाइतकाच मोठा आहे.

पेठेतला_पाहुणा

कोल्हापूरकर मध्येच टपकतोय, हाकलू नका. आमच्याकडं देशाचा प्रश्न सोपा आणि तालमीचा, म्हणजे पेठांच्या फुटबॉल संघांचा, अवघड. बाप पाटाकडीलचा आणि पोरगं दिलबहारकडून उतरलं तर घरात जेवण वाढताना भांडी जोरात वाजतात. त्यासमोर फिफाचे नियम फार मऊ वाटतात मला. 🙂

कऱ्हाडचा_गडी

पाहुणं, शाहू स्टेडियमला सामना बघायला यायचं हाय. कळवा कधी हाय ते.

शरयूताई, आईचं म्हणणं मान्य. जमैकाचं मला ठावं न्हवतं. पण विआच्या पोराबद्दल माझं मत तेच. लायबेरियाला त्याची गरज जास्त होती. अमेरिकेला पोरांची काय कमी?

नोंदवही

माझी नोकरी जन्म-मृत्यू नोंदीच्या कामातली, जिल्ह्याचं नाव सांगत नाही. त्यामुळं मला या विषयात कागद दिसतो.

अजिंक्यतारा यांनी आजी-आजोबांच्या जन्माचा नियम सांगितला. त्या नियमाचं काय होऊ शकतं ते मलेशियात दिसलं. जून २०२५ मध्ये मलेशियानं व्हिएतनामला ४-० हरवलं, बाहेरून आलेले खेळाडू संघात होते. सप्टेंबरमध्ये फिफानं सात खेळाडूंवर बंदी घातली आणि मलेशियाच्या संघटनेला साडेतीन लाख स्विस फ्रँकचा दंड केला. कारण काय, तर आजी-आजोबांच्या जन्मदाखल्यात फेरफार. दाखल्यावर मलेशियातली गावं होती. फिफानं मूळ नोंदी काढल्या तेव्हा जन्म निघाले अर्जेंटिना, ब्राझील, स्पेन, नेदरलँड्समधले.

मूळ नोंद म्हणजे काय हे लोकांना समजत नाही. दाखला हा नोंदीचा उतारा असतो. उतारा कुणी कसाही रंगवला तरी मूळ वही जिथं आहे तिथं खरं नाव, खरी तारीख बसलेली असते. आपल्याकडं १९६९ च्या कायद्यानं जन्माची नोंद बंधनकारक झाली. त्याआधी जन्मलेल्या माणसांची नोंद शोधायची म्हणजे जुन्या वह्या, शाळेचे दाखले, कधी नुसतं म्हाताऱ्यांचं सांगणं. २०१९ च्या महापुरात कृष्णा-वारणेच्या काठावरच्या किती घरांत कपाटंच्या कपाटं भिजली! त्यानंतर नकला काढायला येणाऱ्यांची रांग मी पाहिली आहे. आजीचा जन्म कुठं झाला हे खात्रीनं सिद्ध करायला सांगितलं तर आपल्यातली निम्मी घरं अडकतील.

फुटबॉलपटूंच्या पोरांचं मात्र उलट असतं. बाप प्रसिद्ध, कोणत्या मोसमात कुठल्या क्लबात होता हे जगाला माहीत. त्यांच्याबाबतीत फसवणूक जवळपास अशक्य. म्हणून मला वाटतं, या पोरांवर शंका घेणं सोडावं आणि आजोबांच्या नावावर देश विकत घेणाऱ्यांकडं बघावं.

अजिंक्यतारा

नोंदवही, फार महत्त्वाचं लिहिलंत. आजोबांच्या नियमाचा सरळ आणि स्वच्छ वापरही सांगतो. झिनेदीन झिदानचा मुलगा लुका. स्वतः मार्सेलीत जन्मला, वडीलही मार्सेलीतच जन्मले, पण आजी-आजोबा अल्जीरियातले. फ्रान्सच्या कनिष्ठ संघांत खेळून झाल्यावर २०२५ मध्ये तो अल्जीरियाकडं गेला. ज्या बापानं १९९८ ला फ्रान्सला विश्वचषक जिंकून दिला, त्याचा मुलगा आजोबांच्या देशाचा गोलरक्षक. गडीदादांच्या हिशोबात हे कुठं बसतं?

कऱ्हाडचा_गडी

आजोबाच्या गावाला परत गेला ना? मग झालं की! बसतंय.

हळदबाजार

फुटबॉलवाल्यांनो, क्रिकेटमधलं उदाहरण घ्या, ते आपल्या लोकांना लगेच कळेल. १९८३ चा टनब्रिज वेल्सचा सामना. कपिल देव नाबाद १७५. समोर झिंबाब्वेकडून केव्हिन करननं ७३ केल्या होत्या. त्याची तीन पोरं. टॉम आणि सॅम इंग्लंडकडून खेळले, सॅम तर २०२२ च्या टी-२० विश्वचषकात स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू. आणि मधला बेन, जो सॅमसारखाच इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनला जन्मला, तो डिसेंबर २०२४ पासून झिंबाब्वेकडून खेळतोय.

थियागो-राफिन्यासारखंच झालं. मला यात कुठलाच भाऊ चुकलेला वाटत नाही.

आता सांगलीवर येतो, कारण राहवत नाही. स्मृती मानधनाचा जन्म मुंबईचा. जन्मगावच धरायचं म्हटलं तर आपल्याला तिच्यावर हक्क सांगता येणार नाही! पण ती लहानपणीच सांगलीला आली, इथल्याच मैदानांवर घडली, वडील आणि भाऊ दोघंही जिल्ह्याकडून खेळलेले. तिला सांगलीची नाही म्हणणारा माणूस मला दाखवा. उलट विजय हजारे. जन्म सांगलीचा, १९१५. रणजी आधी महाराष्ट्राकडून आणि मोठी कारकीर्द बडोद्याकडून. बडोद्याचे लोक त्यांना आपलंच मानतात आणि ते बरोबरच आहे. तरी आम्ही सांगलीकर नाव सोडत नाही.

मिरजेची_मंजू

नंदू नाटेकर पण सांगलीचेच! १९५६ ला परदेशातली बॅडमिंटन स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय. त्यांचा मुलगा गौरव टेनिसकडं गेला आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिएंडर पेसबरोबर दुहेरीचं सुवर्ण मिळवलं. तो लिएंडरही खेळाडूंचाच मुलगा, वडील वेस पेस १९७२ च्या म्युनिकमधल्या हॉकी कांस्यपदक संघात. म्हणजे त्या जोडीत दोन्हीकडून खेळाडूंची पोरं. खेळ बदलला, देश तोच राहिला.

कृष्णाकाठ (सांगली)

मंजूताई, हळदबाजार, वाचून छाती भरून आली. पण आता भारताकडं वळूया, कारण खरा पेच आपल्याकडं आहे. आपल्या मूळच्या माणसांची पोरं इंग्लंड-अमेरिकेत फुटबॉल खेळतायत. ती आपल्याकडून का खेळत नाहीत?

माणदेशी_माणूस

कारण आपल्याकडं दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं, हे कायद्यातच आहे. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड हा नुसता इथं येण्या-राहण्याचा दीर्घ मुदतीचा परवाना, त्यावर देशाकडून खेळता येत नाही. २००८ च्या शेवटी क्रीडा मंत्रालयानं ते स्पष्टच केलं. भारतीय पासपोर्ट नसेल तर भारताचा संघ नाही.

त्या निर्णयाचा फटका बसलेला खेळाडू म्हणजे प्रकाश अमृतराज. टेनिसपटू विजय अमृतराज यांचा मुलगा, जन्म लॉस एंजेलिसचा. तो भारताकडून डेव्हिस कप (टेनिसमधली देशादेशांची स्पर्धा) खेळत होता. बाप ज्या स्पर्धेत देशासाठी लढला, तीच स्पर्धा पोरगं त्याच देशासाठी खेळत होतं, आणि पासपोर्टच्या रंगामुळं ते थांबलं. याच्याइतकं वाईट मला या सगळ्या विषयात दुसरं काही वाटत नाही. रक्ताचा धागा बघितला तर तो अगदी पहिल्या बाकावर बसला असता, अडला तो फक्त नागरिकत्वावर.

फुटबॉलमध्ये अराता इझुमी. आई जपानी, वडील गुजराती. मी पुण्यात शिकायला होतो तेव्हा बालेवाडीला पुणे एफसीचे सामने बघायला जायचो, तेव्हा त्याला खेळताना पाहिलंय. त्यानं जपानचं नागरिकत्व सोडलं, २०१२ मध्ये भारतीय झाला, नीलकंठ खंबोलजा नाव घेतलं आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला. जपानचा पासपोर्ट सोडणं म्हणजे काय, विचार करा. तो माणूस पैशासाठी इकडं आलेला नव्हता.

आणि ताजं उदाहरण रायन विल्यम्स. जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. त्याच्या आईचं घराणं मुंबईचं आणि आईचे वडील बॉम्बेकडून संतोष ट्रॉफी (राज्याराज्यांची फुटबॉल स्पर्धा) खेळलेले. ऑस्ट्रेलियाकडून मैत्रीपूर्ण सामना खेळून झाला होता. २०२५ मध्ये तिकडचं नागरिकत्व सोडून भारतीय पासपोर्ट घेतला. शरयूताई, तुमचा मुद्दा इथं पुरा उतरतो, हा धागा आईकडूनच आलाय.

शरयू_सातारा

माणदेशी, हे वाचून फार बरं वाटलं. आईच्या वडिलांनी खेळलेला खेळ नातवाला परत घेऊन आला. माझ्या मुलींना उद्या मैदानावर ही गोष्ट सांगणार आहे.

एक_वाचक

मी आतापर्यंत नुसतं वाचत होतो. एक प्रश्न कुणी विचारत नाही. पोरगं घडवायला पैसा ज्या देशानं लावला त्याचं काय? फ्रान्सच्या अकादमीत दहा वर्षं शिकायचं आणि तिथल्या मोठ्या संघात जागा मिळत नाही म्हटल्यावर आजोबांचा देश आठवायचा. २०२२ ला मोरोक्को उपांत्य फेरीत गेला तेव्हा २६ पैकी १४ खेळाडू परदेशात जन्मलेले होते. २०२६ च्या विश्वचषकाला क्युरसाव हे कॅरिबियन बेट पात्र ठरलं, लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास, आणि संघ जवळपास सगळा नेदरलँड्समध्ये जन्मलेला. कौतुक आहे, पण तिथल्याच मातीत वाढलेल्या पोराची जागा गेली त्याचं काय? ते बेटावरच राहिलं, त्याला युरोपातली अकादमी मिळाली नाही, आता स्वतःच्या देशाचा संघही नाही. हे मला बोचतं.

विटेकर_गलाईवाले

एक_वाचक, तुमचा शेवटचा मुद्दा खरा आहे आणि त्यावर माझ्याकडं उत्तर नाही. पण ‘जागा मिळत नाही म्हणून आजोबा आठवले’ हे सगळ्यांना लावू नका. बाहेर वाढलेल्या पोराला आजोबा रोज आठवत असतात, कारण घरात रोज तीच भाषा, तेच जेवण. बाहेरच्या माणसाला ते फक्त निवडीच्या दिवशी दिसतं.

अजिंक्यतारा

अकादमीचा पैसा हा क्लबांमधला हिशोब आहे. खेळाडू विकला गेला की ज्यांनी लहानपणी शिकवलं त्या क्लबांना वाटा मिळतो, तशी फिफाची व्यवस्था आहे. देशानं पोरावर कर्जासारखा हक्क सांगू नये.

आणि संघ बदलायचं दार काही सताड उघडं नाही. देशाच्या वरिष्ठ संघाकडून अधिकृत सामना खेळला आणि एकूण सामने तीनपेक्षा जास्त झाले की संपलं. तीन किंवा कमी असतील तर ते २१ व्या वाढदिवसाआधीचे हवेत आणि शेवटच्या सामन्याला तीन वर्षं झालेली हवीत. विश्वचषक किंवा खंडाच्या मुख्य स्पर्धेत पाय ठेवला की कायमचं बांधलं. ही सवलतसुद्धा २०२० मध्ये आली. त्याआधी मुनीर एल हद्दादी स्पेनकडून २०१४ मध्ये एका पात्रता सामन्यात काही मिनिटं उतरला आणि तेवढ्यावर कित्येक वर्षं मोरोक्कोला मुकला. एकोणीस वर्षांच्या पोराला प्रशिक्षकानं शेवटच्या काही मिनिटांत मैदानात पाठवलं, तो ‘नको’ म्हणणार होता का? नुसता मैत्रीपूर्ण सामना खेळला तर खेळाडू बांधला जात नाही, म्हणूनच रायन विल्यम्सचा मार्ग मोकळा राहिला.

कृष्णाकाठ (सांगली)

हा मुद्दा मला सगळ्यात जवळचा. पोरगं सतरा-अठराचं असताना संघटना घाईघाईनं उतरवतात, नाव कोरून ठेवायला. मी जन्मगावाला वजन देऊ नका म्हणालो, तसंच हेही म्हणेन. एकवीस वर्षांपर्यंत कुठल्याच सामन्यानं कुणाला बांधू नये. घडू दे, कळू दे, मग ठरवू दे.

गडीदादा आणि मी यावर एकमत होणार नाही हे दिसतंय.

कऱ्हाडचा_गडी

न्हाई होणार. पण एकवीसचं पटलं मला.

दोहा_ते_तासगाव

उशिरा आलो, पण माझा प्रश्न प्रत्यक्षातला आहे. आम्ही मूळ तासगावचे, मी कतारमध्ये नोकरीला. मुलगा इथंच जन्मला, दहा वर्षांचा आहे, इथल्या अकादमीत खेळतो आणि प्रशिक्षक म्हणतात पाय चांगला आहे. माझा भाऊ अमेरिकेत, न्यू जर्सीला. त्याचा मुलगा सात वर्षांचा, तोही फुटबॉलवेडा. हे दोघं कधी भारताकडून खेळू शकतील का? घरात आई रोज विचारते.

माणदेशी_माणूस

तुमच्या मुलाचं सोपं आहे. कतारमध्ये जन्मानं नागरिकत्व मिळत नाही. त्याचा जन्म दूतावासात नोंदवलेला असेल आणि पासपोर्ट भारताचा असेल, तर तो तुमच्या-माझ्यासारखाच भारतीय. फक्त तो पासपोर्ट आणि जन्मनोंद जपून ठेवा. निवडीचं वय झालं की इकडच्या स्पर्धांत खेळवा, कारण निवड करणाऱ्यांना तो दिसला पाहिजे.

भावाच्या मुलाचं वेगळं. अमेरिकेत जन्मला म्हणजे तो अमेरिकन नागरिक. त्याच्याकडं अमेरिकेचाच पासपोर्ट असेल तर भारताकडून खेळायला तो सोडून भारतीय नागरिकत्व घ्यावं लागेल. ओसीआय कार्ड घेऊन पाच वर्षं झालेली असली आणि अर्जाआधी बारा महिने भारतात राहिलेला असला, तर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. अमेरिकेचं नागरिकत्व सोडणं हा अख्ख्या आयुष्याचा निर्णय आहे, तो सात वर्षांच्या पोरावर आज लादू नका.

नोंदवही

भर घालतो. मुलाच्या आई-वडिलांचे आणि दोन्हीकडच्या आजी-आजोबांचे जन्मदाखले आत्ताच काढून ठेवा. तासगावात कुणी असेल तर नगरपालिकेत अर्ज करता येतो. आजींचा जन्म १९६९ च्या आधीचा असेल तर शाळेचा दाखला शोधा. नावातलं एक अक्षर इकडचं तिकडं असेल तर ते आजी हयात असतानाच दुरुस्त करून घ्या, नंतर फार धावपळ होते.

शरयू_सातारा

दोहा_ते_तासगाव, मुलगा मे महिन्याच्या सुट्टीत गावी येणार असेल तर मला कळवा. आमचं उन्हाळी शिबिर असतं, मुलामुलींचं एकत्र. तासगावहून सातारा काही लांब नाही. त्याच्या आईलाही घेऊन या.

दोहा_ते_तासगाव

नक्की येतो ताई. तारखा ठरल्या की इथंच लिहा. आईचा शाळेचा दाखला आज रात्रीच फोन करून शोधायला सांगतो.